एकोणतिसावा लेख

गेल्या आठवड्यात शेजारच्या गावातल्या एका बाईंचा फोन आला. वीस वर्षं त्या वह्या लिहीत आल्यात, आता पुस्तक काढावं असं मनात आहे, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. दीड वर्षापूर्वी माझीही हीच गत होती. फोनवर त्यांना जे सांगितलं ते तुटक झालं, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे. पुस्तकाचं नाव मुद्दाम देत नाही. ते खपावं म्हणून हे लिहीत नाही.

मी वेंगुर्ला तालुक्यातल्या एका किनाऱ्यावरच्या गावात राहते. दिवसभर पतसंस्थेत खतावणी, आणि रात्री जेवणं आटपली की ओटीवर बसून वहीत दहा-बारा ओळी. माझं माहेर सड्यावरचं, कातळातलं. समुद्र मला लग्नानंतर मिळाला. त्यामुळे इथे आल्यावर जे दिसलं ते सगळंच नवीन होतं आणि विसरू नये म्हणून लिहीत गेले. आज गाज कुठल्या अंगाने येतेय, व्हाळाला पाणी कधी लागलं, बाजारात तारली कशी दिली, काकींनी कोकमं कुठे वाळत घातली, असलं काहीबाही. काकी म्हणजे माझ्या चुलत सासूबाई. पुढे त्या पुष्कळदा येतील.

ऑक्टोबर २०२४ मध्ये, पाऊस सरल्यावर, कपाट उन्हाला लावलं तेव्हा अकरा वह्या निघाल्या. दोन वह्यांना कसर लागली होती. पानांच्या कडा चाळणीसारख्या झालेल्या, काही ओळींची सुरुवातच गेलेली. त्या दिवशी मी ठरवलं की यातलं जे ठेवण्यासारखं आहे ते छापून ठेवायचं. प्रकाशकांना पाठवून वाट बघणं हा एक रस्ता होता. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजनाही आहे, पहिल्याच पुस्तकासाठी, आणि ज्यांना पैशाची अडचण आहे त्यांनी तिची चौकशी आधी करावी. मी थोडे पैसे बाजूला टाकले होते, म्हणून स्वतःच काढायचं ठरवलं.

नोव्हेंबर ते जानेवारी निवडण्यात गेले. रोजनिशीतली नोंद आणि लेख यांत किती अंतर असतं ते तेव्हा कळलं. नोंद माझ्यापुरती असते. ‘आज पुन्हा तसंच झालं’ एवढं लिहिलं तरी मला सगळं आठवतं, पण वाचणाऱ्याला त्या ‘तसंच’मध्ये काहीच सापडत नाही. दीडशेच्या आसपास नोंदी वेगळ्या काढल्या, त्यांचे अठ्ठावीस लेख झाले. संगणकावर टाइप झाल्यावर सहज ‘जणू’ हा शब्द शोधून बघितला. ७१ वेळा होता! एकेक जागा उघडून बघितली, तर बहुतेक ठिकाणी मी नीट पाहिलंच नव्हतं आणि ‘जणू’ घालून वेळ मारून नेली होती. नऊ ठेवले. ‘निळाशार’ सगळे काढले, कारण आमचा समुद्र वर्षातले कितीतरी दिवस निळा नसतोच. पावसात तो चहासारखा असतो. तुमच्या लिखाणातला असा शब्द वेगळा असेल, पण एकदा शोधून बघाच. पैसे लागत नाहीत आणि याचा उपयोग फार होतो.

यानंतर मी जे केलं ते करा असं मी हात जोडून सांगेन. ज्या लेखात ज्याच्या कामाबद्दल लिहिलं होतं, त्याला तो लेख वाचून दाखवला. जानेवारी ते मार्च दर रविवारी हेच.

पहिले तात्या. त्यांचं सगळं आयुष्य रापणीवर गेलं. आता डोळ्यांना कमी दिसतं. रापणीवरचा लेख माझा सगळ्यांत आवडता होता. होडी जाळं टाकत अर्धगोलात जाते, दोन्ही दोर किनाऱ्यावर येतात आणि दोन्हीकडे माणसं ओढायला लागतात, हे मी कितीदा बघितलेलं. शेवटी मी लिहिलं होतं की ओढता ओढता दोन रांगा एकमेकींपासून लांब लांब होत जातात, आणि त्यावरून माणसांच्या दुराव्याबद्दल एक परिच्छेद होता. तात्या डोळे मिटून ऐकत होते. तिथे आल्यावर त्यांनी हात वर केला.

“गो बाय, ह्यां चुकला. माणसां लांब नाय जातत, जवळ येतत. जाळां जसां किनाऱ्याक येता तशी दोनय टोकां एका जाग्यार येतत. नाय तर मासो ऱ्हवात काय?”

मी कितीदा बघितलं होतं म्हणते, आणि तरी उलटं लिहिलं. दुराव्याचा परिच्छेद मला हवा होता, म्हणून माणसं लांब नेली. दुसऱ्या रविवारी रापण लागली तेव्हा वाळूत बसून फक्त पावलं बघितली. दोन्हीकडची माणसं एका लयीत मागे सरत होती, आणि प्रत्येक दमाला दोन्ही रांगा बाजूने हातभर एकमेकींकडे सरकत होत्या. अगदी शेवटी, जाळ्याचं पोट पाण्याबाहेर येताना, दोन्हीकडच्यांचे खांदे एकमेकांना लागले. लेखाचा शेवट पूर्ण नव्याने लिहिला, आधीच्यापेक्षा निम्मा झाला.

दुसऱ्या काकी. मी लिहिलं होतं, सुरंगीची फुलं पहाटे झाडाखालून वेचतात. “खाली पडलेली सुरंगी कोण गो घेता? कळी काढूची लागता, उन लागाच्या आदी.” असं म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मला घेऊन गेल्या. बॅटरीच्या उजेडात फांदी धरली तर कळ्या फांदीच्या टोकाला नव्हत्याच. जून, खरबरीत लाकडालाच चिकटलेल्या, घोसाघोसाने, गोल आणि घट्ट मिटलेल्या. काकी अंगठा आणि दोन बोटं अशी फिरवायच्या की कळी निघे आणि फांदीची साल जराही दुखत नसे. मी तोडायला गेले तर अर्ध्या चुरडल्या. उजाडायला लागलं तशा हातातल्याच दोन-तीन उमलल्या, आत पिवळे केसर. वास नंतर सुटला आणि त्याच्या मागोमाग मधमाश्या. “आता नको, आता त्यांचा,” म्हणून काकी खाली उतरल्या. हे सगळं लेखात आलं. ‘वेचणे’ हा एक शब्द तसाच राहिला असता तर यातलं काहीच आलं नसतं.

एप्रिलमध्ये कोल्हापूरला गेले. आमच्या बाजूचं छपाईचं बरंचसं काम तिथेच जातं. सावंतवाडीवरून, आंबोली घाटातून, आजऱ्यावरून एसटी. बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे तीन फेऱ्या परवडल्या. तीन छापखान्यांकडून लेखी दर घेतले. तोंडी दर घेऊ नका, कागद कोणता आणि बांधणी कोणती ते त्यात लिहून घ्या. मी डेमी म्हणजे पुस्तकांचा नेहमीचा मध्यम आकार, ७० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाचं दर चौरस मीटरला ग्रॅममध्ये वजन) पिवळसर मॅपलिथो कागद आणि ३०० प्रती ठरवल्या. बांधणी नुसत्या गोंदाची नको, शिलाईची हवी हे मी अडून घेतलं. आमच्याकडच्या पावसाळी हवेत गोंद सुटतो आणि दुसऱ्या वर्षी पानं हातात येतात.

छापखान्यातल्या काकांनी तिथेच एक गोष्ट समजावली. या आकारात कागद सोळा-सोळा पानांच्या फॉर्ममध्ये छापला जातो, म्हणून एकूण पानं सोळाच्या पटीत बसवायची. माझी मांडणी १३९ पानांची होत होती. नऊ फॉर्म म्हणजे १४४. पाच पानं कोरी. “लिहा की आणखी एखादा लेख, मॅडम,” ते सहज म्हणाले. मलाही ते पटलं. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

मे महिना प्रुफांचा. पहिलं प्रूफ उघडलं आणि छातीत धस्स झालं. मी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्या चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, टाइप केलं होतं. छापखान्याने ते त्यांच्या जुन्या फाँटमध्ये बदलून घेतलं, आणि त्या बदलात सगळे ‘ऱ्य’ जाऊन ‘र्य’ झाले होते. किनार्यावर, वार्याने, पायर्या. ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ होत्या त्या ‘सह्याद्रीच्या दर्या’ झाल्या होत्या. ज्या पुस्तकात पानोपानी दर्या आहे त्यात डोंगरातही दर्याच! मी पेन्सिलीने मोजलं, २१२ ठिकाणं. ‘सगळे एकदम बदला’ असंही म्हणता येईना, कारण खरा ‘दर्या’ही होताच. आणि ‘सूर्या’चं काय झालं असतं! चार रात्री बसून एकेक जागेची यादी केली, पान आणि ओळीसकट. तुम्ही आधीच विचारा की मांडणी युनिकोड फाँटमध्ये होईल का. होत असेल तर तिथेच जा, पानामागे दोन-चार रुपये जास्त पडले तरी.

मुद्रितशोधनाला एक निवृत्त शिक्षिका मिळाल्या. काम फार चोख. एकाच गोष्टीवर आमचं बोलणं झालं. काकींचं आणि तात्यांचं मालवणी बोलणं त्यांनी प्रमाण मराठीत आणून ठेवलं होतं. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांतच सांगितलेलं आहे की पात्राच्या तोंडची भाषा त्याच्या उच्चाराप्रमाणे लिहावी. तो नियम मी त्यांना दाखवला. त्यांनी शांतपणे वाचला, “बरोबर आहे तुमचं,” म्हणाल्या आणि सगळं मूळ रूपात आणून दिलं. ‘ऱ्हवात’ हा शब्द मात्र मला तीनदा विचारून घेतला.

याच महिन्यात आयएसबीएनचा, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाचा, अर्ज केला. हे काम राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सी करते, अर्ज ऑनलाइन आणि शुल्क काहीही नाही. कोणी यासाठी पैसे मागितले तर ते त्याच्या अर्ज भरण्याच्या मेहनतीचे आहेत एवढं लक्षात ठेवा. स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही क्रमांक मिळतो. १२ मे रोजी अर्ज केला, २० मे रोजी परत आला. चूक माझीच. ओळखपत्रावर माझं नाव एका प्रकारे आणि शीर्षकपानावर टोपणनावाने, आणि दोन्ही माणसं एकच आहेत असं मी कुठेच लिहिलं नव्हतं. ते लिहून, सही करून पुन्हा पाठवलं. ४ जूनला क्रमांक आला. तेरा आकडी, ९७८ ने सुरू होणारा. तो एका आवृत्तीपुरता असतो. ई-पुस्तक काढलंत तर त्याला वेगळा घ्यावा लागतो. आणि अर्जाआधी पुस्तकाचं नाव घरात सगळ्यांशी बोलून पक्कं करा.

त्या अर्जात विषय निवडायचा होता. मी बराच वेळ त्या रकान्यासमोर बसून होते. समुद्र, स्वयंपाकघर, पतसंस्थेच्या रांगेतली माणसं, लिहिताना अडलेले दिवस, हे सगळं मिळून काय होतं? शेवटी मराठी साहित्य, निबंध असं निवडलं. तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हे आता वह्यांमधून बाहेर पडलं.

मिरग लागला आणि वीज जायला लागली. शेवटच्या प्रुफावर मी कंदिलाच्या उजेडात सह्या केल्या. त्याच आठवड्यात पाच कोऱ्या पानांसाठी एकोणतिसावा लेख लिहिला. विषय मनात होताच. काही वर्षांपूर्वी एका अष्टमीला पाणी आमच्या गडग्यापर्यंत, म्हणजे आवाराच्या दगडी कुंपणापर्यंत, आलं होतं, त्या रात्रीची नोंद वहीत सविस्तर होती, तिथीसकट. एका बैठकीत लेख झाला. छापखान्याची घाई होती, घरात पेरणीची. तो लेख मी कोणालाच वाचून दाखवला नाही.

खर्च सांगते, कारण हे कोणी सांगत नाही. मांडणी पानाला ₹३५ प्रमाणे ₹५,०४०. मुद्रितशोधन दोन वेळचं मिळून ₹४,३२०. मुखपृष्ठ ₹४,०००. आतली रेखाचित्रं भाचीने काढून दिली. छपाई आणि बांधणी, करासकट, प्रतीला ₹९० प्रमाणे ₹२७,०००. प्रवास आणि पार्सल ₹१,१००. एकूण ₹४१,४६०, म्हणजे एक प्रत ₹१३८ ला पडली. मी किंमत ₹२०० छापणार होते. कुडाळच्या एका दुकानदारांनी विचारलं, “आम्ही चाळीस टक्के घेतो, मग तुम्हाला किती उरतील?” ₹१२०. प्रत्येक प्रतीमागे अठरा रुपये खिशातून! किंमत ₹२५० केली. पतसंस्थेत रोज लोकांचे हिशेब लिहिणारी मी, स्वतःचा हा हिशेब मांडायचा राहिला होता. छापील पुस्तक विकताना जीएसटी लागत नाही, छपाईच्या बिलात मात्र तो असतो, तेव्हा दर विचारताना ‘करासकट का?’ हे विचारा.

नारळी पौर्णिमेच्या आठवड्यात, ऑगस्ट २०२५ मध्ये, गठ्ठे आले. भर पावसात, ताडपत्रीत गुंडाळलेले. ठेवायचे कुठे? सगळं घर ओलं. काकींनी वर बोट दाखवलं. चुलीवरचा माळा, जिथे कोकमं आणि बियाणं ठेवतात. तिथली हवा धुराने कोरडी असते. पुस्तकांना अजून थोडा धुराचा वास आहे. घेणाऱ्या एकानेही तक्रार केली नाही.

पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांच्या आत चार ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. १९५४ चा कायदाच आहे. कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय. स्वतः पुस्तक काढणाऱ्या कितीतरी जणांना हे माहीतच नसतं. दंड किरकोळ आहे, पण मी दंडाच्या भीतीने पाठवल्या नाहीत. कसर लागलेल्या दोन वह्या मला आठवत होत्या. आपलं लिखाण चार शहरांत, चार वेगळ्या हवांत राहील, ही कल्पनाच मला फार धीर देणारी वाटली. २५ ऑगस्टला, गणपतीच्या दोन दिवस आधी, स्पीड पोस्टाने पाठवल्या आणि पावत्या वहीत चिकटवल्या. वाचकांना पाठवायला मात्र ज्ञान पोस्ट ही टपाल खात्याची पुस्तकांसाठीची सेवा बघा. मे २०२५ पासून सुरू झालंय, ३०० ग्रॅमपर्यंत ₹२० पासून दर आहे, आणि माझी प्रत वेष्टनासकट त्यात बसते.

गणपतीत चाकरमानी आले तेव्हा बऱ्याच प्रती हातोहात गेल्या. सप्टेंबरमध्ये कॉपीराइट नोंदणीचा अर्ज केला. खरं तर लिहिल्या क्षणी हक्क आपलाच असतो, नोंदणी सक्तीची नाही, पण पुढे वाद झाला तर कागद हातात असावा. साहित्यकृतीला शुल्क ₹५००. अर्ज भरला की डायरी क्रमांक मिळतो, मग कोणाची हरकत आहे का यासाठी तीस दिवस थांबतात, नंतर तपासणी. नोव्हेंबरात त्रुटीचं पत्र आलं. आत भाचीची चित्रं होती आणि तिचं ना-हरकत पत्र मी जोडलं नव्हतं. भाची पुण्याला, पत्र सही होऊन यायला आठवडा. तुमच्या पुस्तकात दुसऱ्याचं काहीही असेल, चित्र असो वा छायाचित्र, तर ते पत्र पहिल्याच दिवशी घेऊन ठेवा. जानेवारीत प्रमाणपत्र आलं. मला वाटलं, आता सगळं संपलं.

तात्यांना मी ऑगस्टमध्येच प्रत दिली होती. त्यांची नात सातवीत आहे. दर शनिवारी शाळा सुटली की ती त्यांना एक लेख वाचून दाखवायची. गणपतीचा एक शनिवार सोडला तर खंड नाही. असे आठवड्याला एक करत ती एकोणतिसाव्यापर्यंत आली ती यंदा ऐन शिमग्यात, ७ मार्चला. संध्याकाळी नात धावत आली, आजोबांनी बोलावलंय म्हणून.

तात्या पडवीत बसले होते. पुस्तक मांडीवर, बोट त्या पानात.

“अष्टमीक उधाण खयसून इला, बाय?”

मी म्हटलं, “तात्या, मी तिथी लिहून ठेवलीय वहीत.”

“तिथी बरोबर असात. पाणी पण इला असात. पण अष्टमीक भांग असता. उधाण आवशे-पुनवेक. त्या रातीक वारो व्हतो. पाणी वाऱ्यान हाडलां, चंद्रान नाय.”

भांग म्हणजे भरती-ओहोटी सगळ्यांत कमी असते ते दिवस, आणि उधाण म्हणजे अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती. घरी येऊन वही काढली. त्या नोंदीच्या खालीच होतं, माझ्याच अक्षरात: दोन माड पडले, पत्रे उडाले. वाऱ्याबद्दल अर्धं पान. लेखात मी ते सगळं गाळलं होतं, पाच पानांत बसेना म्हणून, आणि ‘उधाण’ हा शब्द कानाला बरा वाटला म्हणून ठेवला होता.

घरात ११३ प्रती शिल्लक होत्या. तीन रात्री बसून प्रत्येकीत पान १४१ वर ‘उधाणाने’ खोडून काळ्या पेनाने ‘वाऱ्याने’ लिहिलं. दुकानांतल्या प्रतींसाठी शुद्धिपत्राच्या पट्ट्या छापून घेतल्या, त्या जाऊन आत चिकटवल्या. ज्यांचे पत्ते होते त्यांना पट्टी पोस्टाने पाठवली. त्या फोनवरच्या बाईंना मी सांगितलं, पानं कोरी सोडा, पण न वाचून दाखवलेला लेख घालू नका.

काल चारही ग्रंथालयांना पत्रं लिहिली. पुस्तकाचं नाव, आयएसबीएन, पान, ओळ, चुकीचा शब्द, बरोबर शब्द, आणि सोबत एकेक पट्टी. ‘कृपया आपल्याकडील प्रतीत चिकटवावी ही विनंती.’ तात्यांनी पाकिटांवर तिकिटं लावली. पोच यायची आहे.